घरच्या पीसीवर देवगिरी: ओपनसिम बसवण्यापासून अंधारी खोदण्यापर्यंत

आभासी जग म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी सेकंड लाइफचंच नाव येतं. लिंडन लॅबनं २००३ च्या जूनमध्ये ते सर्वांना खुलं केलं आणि ते अजून चालू आहे. पण तिथं स्वतःचा प्रदेश हवा तर भाडं डॉलरमध्ये, आणि समोरची प्रत्येक भिंत नेटवरून उतरवून घ्यावी लागते. संध्याकाळी सातनंतर मोबाइलचं नेट रांगायला लागलं की करड्या ठोकळ्यांच्या गावात नुसतं उभं राहायचं.

ओपनसिम्युलेटर, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं ओपनसिम, हा २००७ मध्ये सुरू झालेला मुक्त सर्व्हर. जवळपास त्याच पद्धतीचं जग तुमच्याच संगणकावर चालवतो, फुकट. लागणाऱ्या फायली एकदा उतरवल्या की नेटची गरज संपते. शाळेच्या लॅबमध्ये दहा पीसी एका स्विचला जोडलेले असतील तर नेट नसतानाही सगळा वर्ग किल्ल्यावर हिंडू शकतो. मराठवाड्यातलं नेट आणि लाइट पाहता भाड्याच्या प्रदेशापेक्षा हा मार्ग बरा. इथे देवगिरीचा डोंगर उभा करू. नळदुर्ग, कंधार, औसा, परंडा, काहीही घेतलंत तरी कृती हीच.

एक सूचना आधीच. आदेश आणि फायलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत; टाइप करताना ती इंग्रजी स्पेलिंगनंच टाइप करायची.

जुने धडे कुठे फसवतात

ओपनसिमवरचे नेटवरचे बरेच धडे आठ-दहा वर्षं जुने आहेत. तीन गोष्टी मधल्या काळात बदलल्यात.

ओपनसिम ०.९.३ पासून डॉटनेट ८ लागतं. लिनक्सवर मोनो बसवा असं सांगणारा धडा दिसला तर तो बाजूला ठेवा.

फायरस्टॉर्म या व्ह्यूअरमध्ये, म्हणजे जग पडद्यावर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, २०२४ साली पीबीआर, म्हणजे प्रकाश जास्त खरा दाखवणारं मटेरियल, आलं. त्यासोबत 'अॅडव्हान्स्ड लाइटिंग मॉडेल' बंद करायची सोय गेली. जुन्या लॅपटॉपवर पहिला उपाय म्हणून तोच खटका बंद केला जायचा. आता ड्रॉ डिस्टन्स, म्हणजे किती लांबवरचं दिसावं ते, कमी करणं, सावल्या 'नन'वर ठेवणं आणि पाण्यातलं प्रतिबिंब बंद करणं, एवढंच हातात उरतं. चौथ्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर असेल तर एव्हीएक्स२ लिहिलेली आवृत्ती उतरवू नका. ती सुरू होतानाच बंद पडते.

तिसरी गोष्ट ब्लेंडरची, म्हणजे त्रिमितीय आकार घडवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरची. ५.० मध्ये कोलाडा निर्यात काढून टाकली आहे, आणि आपल्याला मेश, म्हणजे ब्लेंडरमध्ये घडवलेला आकार, जगात चढवायला तीच फाइल लागते. म्हणून ४.५ एलटीएस घ्या आणि ती अपडेट करू नका.

आणखी एक चूक हमखास होते. फायरस्टॉर्मच्या दोन वेगळ्या आवृत्त्या मिळतात, एक सेकंड लाइफसाठी आणि एक ओपनसिमसाठी. पहिलीत हॅवॉक नावाच्या फिजिक्स लायब्ररीचा परवाना गुंतलेला असल्यामुळे ती दुसऱ्या ग्रिडवर, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरच्या जगात, जातच नाही. प्रेफरन्सेसमध्ये 'ओपनसिम' नावाचा टॅब दिसत नसेल तर चुकीची आवृत्ती उतरवली आहे असं समजा.

यंत्र आणि लाइट

सर्व्हर आणि व्ह्यूअर एकाच पीसीवर चालवायचे तर ८ जीबी रॅम किमान, १६ असेल तर निवांत. लॅबमध्ये सर्व्हरला वेगळा पीसी मिळाला तर त्याला ग्राफिक्स कार्डाची गरजच नाही, कारण चित्र प्रत्येकाच्या व्ह्यूअरमध्ये तयार होतं.

लाइटचं काय? ओपनसिम प्रत्येक बदल लगेच डिस्कवर लिहीत नाही. एखादी वस्तू हलवली की ती ६० सेकंद शांत राहण्याची वाट पाहतो. तुम्ही तिला सतत हात लावत राहिलात तर जास्तीत जास्त ६०० सेकंदांनी लिहितो. म्हणजे दहा मिनिटं एकच बुरूज घासत बसलात आणि नेमकी लाइट गेली तर ती दहाही मिनिटं गेली. सर्व्हरच्या काळ्या खिडकीत 'बॅकअप' हा आदेश दिला की राहिलेलं सगळं त्याच क्षणी लिहिलं जातं. मोठं काम हातावेगळं झालं की तो देत चला. बंद करताना खिडकीवरची फुली दाबू नका, 'शटडाउन' लिहा.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा किंवा पुढचा खटका पाहा. बऱ्याच इन्व्हर्टरना 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असे दोन मोड असतात. नॉर्मलवर बदल व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, पंख्याला कळत नाही पण डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. यूपीएसवर ठेवा. जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरलात तर त्याची बॅटरीच यूपीएसचं काम करते, फक्त मे महिन्यात त्याला हवा लागेल असा ठेवा. बंद कपाटात ठेवलेला लॅपटॉप तापला की स्वतःच वेग कमी करतो आणि जग अडखळायला लागतं.

बसवणं

विंडोज धरून चालू. डॉटनेट ८ आधी बसवा. ओपनसिमची झिप डी ड्राइव्हवर साध्या नावाच्या फोल्डरमध्ये सोडवा. 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये टाकलीत तर लिहिण्याची परवानगी अडवते, आणि डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला असेल तर तो डेटाबेसच वर चढवत बसतो.

बिन फोल्डरमध्ये 'ओपनसिम.आयएनआय.एक्झाम्पल' आहे. तिची प्रत करून शेवटचं 'एक्झाम्पल' काढा. कॉन्फिग-इन्क्लूड फोल्डरमधल्या 'स्टँडअलोनकॉमन'चं आणि रीजन्स फोल्डरमधल्या 'रीजन्स'चंही तसंच करा. इथे नोटपॅड घात करतो. विंडोज शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळे फाइल 'ओपनसिम.आयएनआय.टीएक्सटी' झालेली कळत नाही, आणि सर्व्हर म्हणतो फाइलच नाही. एक्सप्लोररमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर आधी टिक करून घ्या.

ओपनसिम फायलीत सुरुवातीलाच 'बेसहोस्टनेम' आहे. एकट्यानं वापरायचं तर १२७.०.०.१ राहू द्या. लॅबसाठी सर्व्हर पीसीचा लॅनवरचा आयपी लिहा, समजा १९२.१६८.१.१०, आणि तो आयपी त्या पीसीला कायमचा बांधून द्या, नाहीतर राउटर रीस्टार्ट झाला की नंबर बदलतो. ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम असेल तर ती ओळ सर्व्हर वाचत नाही. तो काढायचा राहून जातो आणि माणूस तासभर किंमत बदलत बसतो.

रीजन्स फायलीत चौकटी कंसात प्रदेशाचं नाव येतं. रीजन यूयूआयडी, म्हणजे प्रदेशाचा ओळख क्रमांक, नवा द्या; पॉवरशेलमध्ये 'न्यू-गाइड' लिहिलं की मिळतो. लोकेशन १०००,१००० चालेल. पोर्ट ९०००. एक्स्टर्नल होस्टनेममध्ये वरचाच आयपी. साधा प्रदेश २५६ × २५६ मीटरचा असतो. आपल्याला मोठा हवा, म्हणून साइझ-एक्स आणि साइझ-वाय दोन्ही १०२४ लिहा. हा आकडा २५६ च्या पटीतच हवा. हे सगळं पहिल्यांदा सर्व्हर चालू करण्याआधी केलेलं बरं.

मग ओपनसिम चालू करा. तो इस्टेटचं नाव, मालकाचं नाव-आडनाव, पासवर्ड आणि ईमेल विचारेल. नाव रोमन अक्षरांत द्या. यूयूआयडी विचारला तर नुसतं एंटर. आणखी अवतार हवे असतील तर 'क्रिएट यूजर'. डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट आपोआप येतं. एकट्याला आणि पाच-सहा जणांना ते पुरतं, वर्ग मोठा असेल तर मारियाडीबी बसवा.

फायरस्टॉर्ममध्ये प्रेफरन्सेस, ओपनसिम, तिथे ग्रिडचा पत्ता आयपी आणि पोर्टसकट टाकून 'अप्लाय'. लॉगिन करा. समुद्रात एक छोटंसं बेट दिसेल. अवतार ढगासारखाच राहिला तर कंट्रोल-ऑल्ट-आर दाबा.

डोंगर आणायचा कुठून

हातानं ब्रश फिरवून देवगिरीचा डोंगर होत नाही. होतो तो वारुळासारखा काहीतरी. खरी उंची घ्या. एसआरटीएमची, म्हणजे २००० च्या फेब्रुवारीत अंतराळयानातल्या रडारनं मोजलेली उंची यूएसजीएसच्या अर्थएक्स्प्लोररवर खातं उघडलं की मिळते. इस्रोच्या भुवनवर कार्टोसॅटची उंचीही आहे. एसआरटीएमच्या टाइलचं नाव तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून पडतं. दौलताबाद साधारण १९.९४ अक्षांश आणि ७५.२ रेखांशावर, म्हणून टाइल 'एन१९ई०७५'. सोडवल्यावर फाइल २५ एमबीच्या आसपास. नेट चांगलं असेल तेव्हा एकदाच उतरवायची.

पुढचं काम क्यूजीआयएस या मोफत नकाशा सॉफ्टवेअरमध्ये. टाइल अंशांमध्ये असते आणि आपल्याला मीटर हवेत. तशीच वापरली तर या अक्षांशावर डोंगर पूर्व-पश्चिम सुमारे सहा टक्क्यांनी ताणला जातो. म्हणून 'वार्प'मधून यूटीएम ४३ उत्तर, कोड ३२६४३, या प्रक्षेपणात न्या. मराठवाड्याचा जवळपास सगळा भाग याच पट्ट्यात बसतो. पण आधी डोंगराभोवतीचा तीन-चार किलोमीटरचा तुकडा कापून घ्या. अख्खी टाइल एका मीटरच्या जाळीवर ताणायला गेलात तर ४० जीबीहून मोठी फाइल होते आणि डिस्क भरून पीसी लटकतो.

वार्पमध्ये रिझोल्यूशन १, रीसॅम्पलिंग 'क्यूबिक', आउटपुट प्रकार 'फ्लोट३२'. हा प्रकार विसरलात तर उंची पूर्ण मीटरमध्येच राहते आणि उतारावर शेताच्या बांधांसारख्या पायऱ्या पडतात. चौकटीच्या चारही किमती हातानं भरा, पूर्व वजा पश्चिम नेमके १०२४ आणि उत्तर वजा दक्षिण नेमके १०२४. चांदमिनारही चौकटीत यायला हवा, तेव्हा नकाशावर अंतर मोजूनच चौकट आखा. जमत नसेल तर १२८० घ्या आणि रीजन्स फायलीतही तोच आकडा करा.

आता रास्टर कॅल्क्युलेटर. खरी जमीन समुद्रसपाटीपासून शेकडो मीटर वर, आणि ओपनसिममधलं पाणी २० मीटरवर. म्हणून तुकड्यातली सर्वांत कमी उंची वजा करा आणि २५ मिळवा. पायथा २५ वर येतो आणि डोंगराची पायथ्यापासूनची उंची, सुमारे २०० मीटर, तशीच राहते.

पीएनजी करून चढवायचा मोह होईल. नको. पीएनजी चढवताना ओपनसिम पांढऱ्या रंगाला १२८ मीटर मानतो आणि काळ्या-पांढऱ्याच्या २५६ छटांमध्ये सगळी उंची कोंबतो, म्हणजे परत अर्ध्या अर्ध्या मीटरच्या पायऱ्या. 'आर३२' स्वरूप वापरा. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. क्यूजीआयएससोबत येणाऱ्या शेलमध्ये जीडीएएल-ट्रान्सलेटला आउटपुट स्वरूप 'एन्व्ही' आणि प्रकार 'फ्लोट३२' सांगा. दोन फायली येतात. त्यातल्या मोठ्या फायलीचं शेपूट बदलून आर३२ करा, दुसरी सोडून द्या. १०२४ च्या चौरसाची फाइल नेमकी ४१,९४,३०४ बाइट्सची हवी, एक बाइटही इकडेतिकडे नको. ओपनसिम फाइलच्या लांबीवरूनच चौरसाची बाजू ठरवतो, त्यामुळे आकडा जुळला नाही तर डोंगर तिरप्या पट्ट्यांमध्ये फाटलेला दिसतो.

सर्व्हरच्या खिडकीत 'टेरेन लोड' आणि फाइलचा पत्ता. डोंगर येईल, पण उत्तर-दक्षिण उलटा. एन्व्ही फाइल उत्तरेकडून लिहिली जाते आणि ओपनसिम दक्षिणेकडून वाचतो. 'टेरेन फ्लिप वाय' दिलं की सरळ. 'टेरेन स्टॅट्स'नं किमान-कमाल उंची तपासा आणि मग 'टेरेन बेक'. बेक केलं की हीच मूळ जमीन ठरते, पुढे खोदताना बिघडलं तर रिव्हर्ट ब्रशनं इथवर परत येता येतं.

डोंगर आता वरून पांढरा किंवा एकाच रंगाचा दिसेल. रीजन-इस्टेट खिडकीतल्या टेरेन टॅबमध्ये चार टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवायची चित्रं, आणि चार कोपऱ्यांच्या किमती असतात. 'लो' म्हणजे पहिलं टेक्श्चर कुठवर, 'हाय' म्हणजे चौथं कुठून पुढे. मूळ किमती सपाट बेटासाठी आहेत. चारही कोपऱ्यांत लो ३० आणि हाय १५० करून पाहा. खालून वर काळी माती, वाळलेलं गवत, मुरूम, बेसाल्ट असा क्रम शोभतो.

कडा, खंदक आणि अंधारी

इथे अंतराळातून मोजलेली उंची पुरेनाशी होते. एसआरटीएम साधारण दर ३० मीटरला एक उंची देतं; त्या जाळीत १०२४ मीटरचा प्रदेश म्हणजे एका बाजूला जेमतेम ३४ बिंदू. देवगिरीची खरी ओळख असलेला पायथ्याचा तासलेला उभा कडा त्यात नुसता उतार होऊन जातो आणि खंदक तर पार बुजतो. हे दोन्ही हातानंच करावे लागतात.

कडा जमिनीतून काढता येत नाही. ओपनसिमची जमीन दर मीटरला एक बिंदू आणि प्रत्येक बिंदूला एकच उंची अशी असते. शेजारच्या दोन बिंदूंमध्ये ४० मीटरचा फरक दिलात तर मधलं टेक्श्चर च्युइंगगमसारखं ताणलं जातं. म्हणून कडा मेशचा करा. ब्लेंडरमध्ये गोल भिंत घ्या, थोडी ओबडधोबड करा, मग तिचे तुकडे पाडा. एकेक तुकडा ६० मीटरच्या आत ठेवा. पुढे हाच सेकंड लाइफमध्ये न्यायचा झाला तर तिथली ६४ मीटरची मर्यादा आडवी येत नाही. एका मेशला आठच मटेरियल चालतात, कड्याला दोन पुरे. निर्यातीआधी कंट्रोल-ए करून 'ऑल ट्रान्सफॉर्म्स' लावा, नाहीतर तुकडा भलत्याच आकाराचा येतो. कोलाडा निर्यातीत 'एसएल प्लस ओपनसिम स्टॅटिक' हा तयार पर्याय आहे, तोच निवडा. फायरस्टॉर्ममध्ये चढवताना 'लो' पातळीची जाळी फार पातळ करू नका, कारण कडा लांबूनच जास्त पाहिला जातो.

कड्याच्या टेक्श्चरसाठी ढगाळ दिवशी फोनवर काढलेला बेसाल्टचा फोटो चालतो. कडक उन्हातल्या फोटोत सावली पक्की बसते आणि व्ह्यूअरमधला सूर्य दुसरीकडे असला की ते खोटं दिसतं. गिंपमध्ये 'मॅप'मधला 'टाइल सीमलेस' लावा. आकार ५१२ च पुरतो. १०२४ ला ग्राफिक्सची चौपट मेमरी लागते.

खंदकातल्या पाण्याचं दुखणं वेगळं. सगळ्या प्रदेशात पाण्याची पातळी एकच, २० मीटर. खंदकाचा तळ त्याहून वर असेल तर कितीही खोदा, पाणी येणार नाही. तिथे हिरवट, अर्धपारदर्शक सपाट प्रिम, म्हणजे व्ह्यूअरमधला तयार साधा आकार, पसरा आणि त्याला 'फँटम' करा, म्हणजे माणूस पाण्यावर चालणार नाही.

अंधारीसाठी, म्हणजे किल्ल्यातल्या अंधाऱ्या बोगद्यासाठी, डोंगराला भोक हवं, पण जमिनीला भोक पडतच नाही. युक्ती अशी, की बोगद्याच्या रेषेत आधी वरून उघडी चर खणा, बोगद्याच्या तळापेक्षा अर्धा मीटर खोल. चरीत मेशचा बोगदा बसवा. वरून दगडांच्या मेशचं झाकण घाला आणि कडेची जमीन स्मूद ब्रशनं त्याला टेकवा. बोगदा खऱ्या मापाचा करू नका. कॅमेरा अवताराच्या मागे-वर असतो, तो छतात अडकतो आणि नुसता दगड दिसतो. आत किमान ३ मीटर रुंदी आणि ४ मीटर उंची ठेवा.

बोगदा बसला, तोंडाशी गेलात आणि अवतार हवेला धडकून थांबला, तर बिल्ड खिडकीतल्या फीचर्समध्ये 'फिजिक्स शेप टाइप' पाहा. 'कॉन्व्हेक्स हल' असेल तर सर्व्हरच्या लेखी बोगदा म्हणजे भरीव ठोकळा. तो 'प्रिम' करा. तरीही अडलं तर चढवतानाच्या खिडकीत फिजिक्स टॅबवर उंच पातळीची जाळी निवडून मेश पुन्हा चढवा.

चांदमिनार त्या मानानं सोपा. ६० मीटरहून थोडा उंच, तेव्हा एकावर एक निमुळते सिलिंडर आणि मध्ये सज्जांच्या चकत्या. माहितीच्या पाट्या चित्र करूनच लावा. व्ह्यूअरच्या अक्षरांत मराठी वेलांट्या आणि जोडाक्षरं नीट जुळतीलच असं नाही. लिब्रेऑफिसमध्ये मजकूर लिहून १०२४ × ५१२ ची पीएनजी काढा आणि प्रिमच्या एका बाजूला चिकटवा.

बाकीचे पीसी जोडताना

लॉगिन होतं, पण पडद्यावर पट्टी अर्ध्यावर अडकते, ही लॅबमधली नेहमीची तक्रार. नव्वद टक्के वेळा कारण दोनपैकी एक. एक्स्टर्नल होस्टनेम अजून १२७.०.०.१ आहे, म्हणजे प्रत्येक पीसी जग स्वतःतच शोधतोय. किंवा विंडोज फायरवॉलमध्ये ९००० पोर्टला टीसीपी खुलं केलं पण यूडीपी राहिलं. लॉगिन टीसीपीवरून होतं, जग यूडीपीवरून येतं. जुन्या पीसींवर ड्रॉ डिस्टन्स ९६ ठेवा; डोंगर पूर्ण पाहायचा असेल तेव्हा प्रोजेक्टर जोडलेल्या एकाच पीसीवर १०२४ करा.

गावाबाहेरच्या मित्राला आत घ्यायचं असेल तर राउटरवर पोर्ट उघडून बहुधा काही होत नाही, कारण बऱ्याच ब्रॉडबँड आणि मोबाइल जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी नसतो. टेलस्केलसारखं व्हीपीएन दोन्हीकडे बसवा आणि एक्स्टर्नल होस्टनेममध्ये त्यानं सर्व्हर पीसीला दिलेला आयपी द्या.

काम थांबवताना 'सेव्ह ओएआर' आणि तारखेचं नाव. जमीन, इमारती, टेक्श्चर, सगळं एका फायलीत येतं. ती पेनड्राइव्हवर घ्या. सामानाच्या पेटीतल्या वस्तू त्यात नसतात, त्यांच्यासाठी 'सेव्ह आयएआर' वेगळा. आणि दुसऱ्याचा ओएआर सहज पाहायला म्हणून 'लोड ओएआर' देण्याआधी 'चेंज रीजन'नं रिकाम्या प्रदेशात जा. 'मर्ज' न जोडता तो आदेश दिला की आधीचा सगळा प्रदेश पुसून मगच नवा येतो, आणि मध्ये एकदाही विचारत नाही.